लुकण

मुहर्रकच्या या गल्लीत पाऊस येतो वर्षातून दोनतीनदा,
तोही चपला न काढता दारातूनच परतणाऱ्या पाहुण्यासारखा.
तरी लाकूड कुजतं.
"नज्जार, पाणी येतं कुठून?"
उम्म सुवैद वरच्या खिडकीतून विचारते.
मी एसीकडे बोट करतो:
थेंब, थेंब, सबंध उन्हाळा, एकाच कोपऱ्यावर.
शिवाय समुद्राची हवा,
रात्रभर भिंतीला ओला टॉवेल गुंडाळून बसलेली.

खिडकीच्या कडेची पट्टी वरून ठाकठीक,
निळी, इस्त्रीच्या शर्टासारखी.
स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला
तर मुठीपर्यंत आत गेला.

शिडीवर बसून पट्टी सोडवू लागलो.
खिळ्यांना डोकी उरली नव्हती.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली विटकरी,
विटकरीखाली रंग नाहीच, नुसता माशाच्या तेलाचा वास,
कुणा जहाजवाल्या सुताराने दिलेला,
अजून शाबूत.

मग कोपऱ्यातून लुकणाचा एक गोळा निघाला,
आंब्याच्या कोयीएवढा, दगड झालेला.
भोवतीचं लाकूड विरघळून गेलं होतं
आणि हा आपल्या जागी खुशाल.
उन्हात धरला.
वर अंगठ्याचा ठसा,
मधोमध आडवा व्रण.

डाव्या अंगठ्यावरचा हा व्रण पटाशीचा,
पेंडूरच्या शाळेचे बाक करताना झालेला.

बारा वर्षं.
रमजानचा शेवटचा आठवडा, वर्गीस खालून ओरडत होता,
ईदच्या आधी रंग दिसला पाहिजे.
दिसला.
कुजकं पुरतं काढलं नाही मी.
ओल्यावरच लुकण दाबलं, वरून निळ्याचे दोन हात,
आणि सहा दिनार.
त्या महिन्यात घरी पाठवले त्यातच तेही गेले असणार,
कशाला लागले आठवत नाही.
विहिरीवरचा पंप, बहुतेक.

आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
अरबीत तसं म्हणतात का, ठाऊक नाही.
म्हातारीला मी पाण्यापुरतंच सांगितलं.

पटाशी मागे मागे नेत गेलो.
कुजकं लाकूड बोलत नाही, फसकन बसतं.
वीतभर गेलो, दीड वीत,
मग ठक्.
तिथून तिरका काप घेतला.
नवा तुकडा बर्मी सागाचा, असं दुकानदार म्हणाला;
मी वास घेतला आणि गप्प राहिलो.
खालच्या अंगाला करंगळी बसेल अशी पन्हळ कोरली,
थेंबाला सुटून पडायला.
टोकांना अस्तराचे तीन हात:
लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, उसासारखं नळ्यानळ्यांनी.
भिंतीत जाणाऱ्या टोकालाही दिले.

"तिथे कोण बघणार?" तोफज्जलने विचारलं.
तो सिल्हेटचा, बावीस वर्षांचा, हात चांगला आहे.
मी गोळा त्याच्या हातात दिला.
त्याने उलटसुलट करून पाहिला, म्हणाला,
"पक्कं काम आहे हे, उस्ताद."
काय बोलणार?

एसीला हातभर नळी लावली.
सगळ्या कामात स्वस्त तीच.
बारा वर्षांपूर्वीही
कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असायची.

उम्म सुवैदने चहा पाठवला, केशराचा,
आणि खिडकीतून तिचा प्रश्न,
"किती वर्षं टिकेल?"
मागच्या वेळी मी दहा म्हटलं होतं, पटकन.
या वेळी वर चढून
तिला माझा जुना स्क्रूड्रायव्हर दिला.
दरवर्षी थंडी सुरू झाली की टोचून बघायचं,
इथे, इथे आणि इथे.
तिने लगेच टोचलं, माझ्यासमोर,
नव्या पट्टीला, चांगला जोर लावून.
अस्तरावर टिचकीएवढा खळगा पडला.
तो मी बुजवला नाही.

चारनंतर हवा दमट झाली,
निळ्याचा दुसरा हात उद्यावर टाकला.
वर्गीसचा तिसरा फोन.
आता केस पिकलेत, आवाज तोच.
झालं का?
नाही, म्हटलं.
ओलं आहे अजून.